पपनसावरचा चोर कसा ओळखला

चतुर्थी जवळ आली की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) फळांची काळजी सुरू होते. यंदा परसातल्या पपनसांवर बारीक भोकं दिसू लागली. भोवतीची साल मऊ, दाबली की रस यायचा आणि मग फळ गळायचं. शेजारच्या काकांनी लगेच निकाल दिला, "फळमाशीच ती!" पण फळ कापलं तर आत एकही अळी नाही. फळमाशी असती तर अळ्या वळवळताना दिसल्या असत्या.

म्हणून रात्री जेवणं आटोपून टॉर्च घेऊन झाडाखाली गेलो. आधी चमकले ते डोळे, निखाऱ्यासारखे लाल. एकाच फळावर तऱ्हेतऱ्हेचे पतंग बसले होते. यातले सगळेच गुन्हेगार नसतात. बरेचसे दुसऱ्याने पाडलेल्या भोकातला रस पितात. भोक पाडणाऱ्याची सोंड जाड असते आणि तिच्या टोकाला बारीक काटे असतात.

अशी सोंड असलेला एक धिप्पाड पतंग बरणीत धरला. पंख मिटून बसला की निव्वळ वाळकं पान! पुढच्या पंखांवरून जात ठरवायला जाऊ नये. नर-मादीतच फरक असतो. मागचे पंख दिसायला हवेत आणि तेच तो झाकून ठेवतो. बरणी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली (वहिनीने कपाळाला हात लावला), गारठून तो सुस्तावल्यावर काडीने पुढचा पंख हळूच सरकवला. खाली झगझगीत नारिंगी रंग, काळी कडा आणि मधोमध गोल काळा ठिपका. ठिपक्याने निकाल लागला: युडोसिमा मॅटर्ना. याची भावकी युडोसिमा फॅलोनिया. तिचा डाग मोठा आणि वाकडा असतो. जुन्या पुस्तकांत या पतंगांना ओथ्रेइस म्हटलंय, म्हणून शोधताना दोन्ही नावं जवळ ठेवावीत.

या किडीत फळाचं नुकसान पतंग करतो, अळी नव्हे. अळी वाढते गुळवेल, वासनवेल यांच्या पानांवर. आमच्या काजूवर गुळवेल चढलीच आहे, आणि तिथे अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या अळ्या मिळाल्या. वेल तोडायचं नाव काढताच काकू उसळल्या, "माझा काढा कोण देणार?" वेल राहिली. माटोळीसाठी राखलेल्या पपनसांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधल्या, गळलेली फळं मात्र रोज उचलून पुरतो.