सह्याद्री रेकॉर्ड करायला कोणतं कार्ड घ्यावं

आषाढी एकादशीची विठ्ठलाची महापूजा आईला सुरुवातीपासून बघायची असते. ती होते मध्यरात्रीनंतर, दोन-अडीचच्या सुमाराला, मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतात आणि सह्याद्रीवर ते थेट दाखवतात. इतकी वर्षं आई गजर लावून उठायची, आता डॉक्टरांनी जागरण बंद सांगितलंय. मग तिला म्हणलं तू झोप, मी सकाळी तुला जशीच्या तशी दाखवतो, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्याकडे पहिल्यापासून फ्री डिशच. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने ती सुरू झाली, छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही. बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग होतं हो, पण लाइट गेली की आमचा बॉक्स टायमर विसरतो, आणि ती फाइल दुसरीकडे धड चालत नाही. घरात एक जुना डेस्कटॉप पडून होता, तोच रात्रंदिवस चालू ठेवून त्यात सॅटेलाइट ट्यूनर कार्ड (छत्रीचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारं कार्ड) टाकायचं ठरवलं.

पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन टीव्ही ट्यूनर मागितलं तर दोन-तीन दुकानांत जुन्या केबलचे ॲनालॉग बॉक्स पुढे आले, मॉनिटरवर टीव्ही बघायला आपण पूर्वी लावायचो ते. त्याचा इथे काही उपयोग नाही. ॲनालॉग कार्डात चित्र आत आलं की कॉम्प्युटरला ते डिजिटल करून दाबून बसवावं लागायचं. सॅटेलाइटवरून येतो तो आधीच दाबलेला डिजिटल प्रवाह, कार्ड फक्त तो पकडून देतं आणि आपण तो तसाच हार्ड डिस्कवर लिहितो, त्यामुळे प्रोसेसर दहा-बारा वर्षं जुना असला तरी अडत नाही आणि चित्र मूळ प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ राहतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, पेड डीटीएचचा विचार या कामासाठी करू नका. ते चॅनेल कोडबंद असतात, त्यांचं कार्ड त्यांच्याच बॉक्सला बांधलेलं असतं, साध्या ट्यूनर कार्डावर चित्र येणार नाही. जे खुलं आहे तेच आपलं.

आता ट्यूनर किती घ्यायचे. इथे मी सगळ्यात जास्त चुकत होतो. मला वाटायचं एका वेळी चार चॅनेल रेकॉर्ड करायचे तर चार ट्यूनर लागणार, आणि चार ट्यूनरच्या कार्डाची बाहेरून मागवायची किंमत, वर कस्टम, हे बघून मी दोन महिने गप्प बसलो होतो. पण ट्यूनर चॅनेल पकडत नाही, ट्रान्सपाँडर पकडतो, म्हणजे उपग्रहावरचा एकेका फ्रिक्वेन्सीचा प्रक्षेपक. एका ट्रान्सपाँडरवर एकाच फ्रिक्वेन्सीत दहा-पंधरा चॅनेल एकत्र बांधून येतात, डीव्हीबी-एस या जुन्या सॅटेलाइट प्रक्षेपण पद्धतीत सेकंदाला साधारण ४० मेगाबिट येतात, आणि तो सगळा गठ्ठा कार्डातून आत येतोच. टीव्हीहेडएंड किंवा मिथटीव्ही यांसारखी सॉफ्टवेअर त्या गठ्ठ्यातले हवे तेवढे चॅनेल एकाच वेळी वेगवेगळ्या फाइलमध्ये लिहितात. म्हणजे सह्याद्री आणि त्याच ट्रान्सपाँडरवरचे आणखी तीन चॅनेल रेकॉर्ड करायचे असतील तर एकच ट्यूनर पुरतो, दुसरा लागतो तो वेगळ्या ट्रान्सपाँडरवरचा कार्यक्रम त्याच वेळी हवा असेल तेव्हा. म्हणून कार्ड घ्यायच्या आधी कागद घेऊन बसा, घरात खरोखर बघतात ते आठ-दहा चॅनेल लिहा, प्रत्येकापुढे त्याची फ्रिक्वेन्सी लिहा (बॉक्सच्या मेनूत दिसते), आणि वेगळ्या किती येतात ते मोजा. आमच्याकडे आल्या तीन, आणि त्यातल्या दोनच एका वेळी कधीतरी लागतात. दोन ट्यूनरचं कार्ड घेतलं आणि आजवर कमी पडलेलं नाही.

कार्ड डीव्हीबी-एस२ चंच घ्या, म्हणजे त्याच पद्धतीच्या नव्या आवृत्तीचं. एमपेग-२ आणि एमपेग-४ या चित्र दाबायच्या जुन्या-नव्या पद्धती, फ्री डिशवर एमपेग-२ चे चॅनेल जुन्या डीव्हीबी-एस मध्ये येतात आणि एमपेग-४ चे एस२ मध्ये. एस२ चं कार्ड दोन्ही पकडतं, जुनं कार्ड फक्त पहिलं. सेकंडहँडमध्ये जुनी कार्डं अगदी स्वस्तात दिसतात आणि मोह होतो, मी एक घेतलंही, पण ते पीसीआय या जुन्या प्रकारच्या स्लॉटचं होतं आणि आमच्या बोर्डावर फक्त पीसीआय एक्सप्रेसचे स्लॉट. ते कार्ड अजून कपाटात आहे. बोर्ड उघडून स्लॉट बघा मगच पैसे द्या.

यूएसबीचे डबेही चांगले असतात, लॅपटॉपला किंवा छोट्या मशीनला तोच मार्ग. फक्त वेगळा ॲडॅप्टर सोबत येतो का ते बघा. छत्रीवरच्या एलएनबीला (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) वीज कार्ड किंवा यूएसबी डबाच पुरवतो, पोलरायझेशन (लहरींची आडवी-उभी दिशा) बदलायला १३ किंवा १८ व्होल्ट, आणि एलएनबी १५०-२०० मिलिॲम्पिअर ओढतो म्हणजे साडेतीन वॅटपर्यंत गेलं, तर यूएसबी २.० चा पोर्ट देतो अडीच वॅट. ॲडॅप्टर नसलेला डबा सगळं नीट दिसत असताना मधेच सिग्नल सोडतो आणि माणूस छत्री हलवत बसतो.

ड्रायव्हरचं तर मी कळकळीने सांगतो. मशीनवर लिनक्स असेल तर ज्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे तेच घ्या. मित्राकडून चाचणीसाठी आणलेल्या एका कार्डाचा ड्रायव्हर बाहेरून कंपाइल करावा लागायचा, मशीनने रात्री आपोआप कर्नल अपडेट केला, सकाळी कार्ड गायब आणि आईचं ठरवलेलं कीर्तनाचं रेकॉर्डिंग शून्य बाइटचं. तिने काही म्हणलं नाही, पण मला फार लागलं. नंतर डीव्हीबीस्काय एस९५२ हे दोन ट्यूनरचं कार्ड घेतलं, त्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, फर्मवेअरची (कार्डाच्या आतल्या प्रोग्रॅमची) एक फाइल जागेवर टाकली की चालतं. तेव्हापासून अपडेटची भीती गेली.

दोन ट्यूनर म्हणजे छत्रीपासून दोन केबल आणि दोन आउटपुटचा ट्विन एलएनबी. एका केबलला साधा स्प्लिटर लावून दोन ट्यूनर जोडले तर एक १३ व्होल्ट मागतो दुसरा १८, आणि मग भांडण. आरजी-६ केबल घ्या, गच्चीवरच्या एफ कनेक्टरवर पाणी शिरणार नाही असं टेप गुंडाळा.

आणि पाऊस. आषाढी येते ऐन पावसाळ्यात, फ्री डिश येते त्या केयू बँडला (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला) पावसाचा बराच त्रास, म्हणजे आईला जो कार्यक्रम हवा तो बरोबर सिग्नल पडायच्या दिवसांत. मी आधी जास्त महागाचं, जास्त संवेदनशील कार्ड शोधत होतो, पण तेवढे पैसे छत्रीत घालणं जास्त कामाचं. ६० सेंटीमीटरच्या जागी ९० ची छत्री लावली की सिग्नल साडेतीन डेसिबलने वाढतो, एवढा फरक चांगल्या दोन कार्डांमध्ये मिळत नाही. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, पुण्यातून बघितलं तर आग्नेयेला आणि क्षितिजापासून जवळजवळ ५९ अंश वर. तोंड एवढं वर असल्यामुळे समोरच्या इमारतीची अडचण सहसा येत नाही, नारळाच्या झावळ्यांची मात्र येते, आमची वीतभर छाटावी लागली. एलएनबी फिरवून क्वालिटीचा आकडा बघत बघत बसवायला दोन संध्याकाळी गेल्या, बायको खाली स्क्रीनसमोर आणि मी गच्चीवर फोन कानाला लावून.

वेळापत्रकावर विसंबू नका, थेट कार्यक्रम लांबतात. मी पूजेला आधी १५ मिनिटं आणि नंतर तासभर जास्तीचा लावला. मशीनला छोटा यूपीएस आहे.

त्या रात्री दीडपासून पाऊस कोसळत होता. मला झोप लागली नाही, दोनदा उठून फाइल वाढतेय का बघितलं. सकाळी आंघोळ करून आई टीव्हीसमोर येऊन बसली, हात जोडून, आणि मी लावलं. साधारण ३ जीबीची फाइल, एके ठिकाणी चित्राचे चौकोन झाले, तीन-चार सेकंद, मग परत स्वच्छ. अभिषेक सुरू झाला तसं आईने मला हाताने खुणावलं, आवाज वाढव.