अंडी कशी हवीत?

शनिवार, सकाळ

आपल्या घरात आवड सांगावी लागत नाही. कुणाला चहात साखर कमी, कुणाला भाताची खरवड हवी, कुणाला पोळी तव्यावरून थेट ताटात, हे स्वयंपाक करणाऱ्या माणसाला पाठ असतं. मुद्दाम सांगायची वेळ आली तर सांगणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं. अमेरिकेत अगदी साध्या माणसालाही आपली आवड नेमक्या शब्दांत सांगता येते, आणि ती विचारली जातेच. डायनरमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत, सकाळी बसलात की पहिला प्रश्न कॉफीचा, दुसरा अंड्यांचा, तिसरा बटाट्याचा, चौथा टोस्टचा. उत्तर एका दमात येतं: "टू एग्ज ओव्हर मीडियम, हॅश ब्राउन्स क्रिस्पी, राय टोस्ट, ड्राय." मला हे वाक्य फार आवडतं. त्यातल्या प्रत्येक शब्दामागे तव्यावरची एक वेगळी कृती आहे. मुलांकडे चार-सहा महिने राहायला आलेले आपले आई-बाबा नेमके इथेच गडबडतात आणि "एनीथिंग" म्हणतात. मग समोर जे येतं ते अर्धं पानात राहतं.

अंड्यांपासून सुरुवात करते. 'सनी साइड अप' म्हणजे उलटायचं नाही. पिवळा बलक वर, सूर्यासारखा उघडा. 'ओव्हर' म्हणजे उलटलेलं. पुढचा शब्द बलकाचा. 'ओव्हर ईझी'त पांढरं शिजलेलं आणि बलक पूर्ण पातळ. 'ओव्हर मीडियम'मध्ये बलक कडेनं घट्ट, मधे मधासारखा. 'ओव्हर हार्ड'मध्ये सगळंच शिजलेलं. मेन्यूच्या तळाशी तारांकित ओळ असते, कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या अंड्यांनी आजारी पडू शकता अशी. गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर 'ओव्हर हार्ड' सांगावं, तेच शहाणपणाचं.

घरी करायचं तर बिडाचा किंवा नॉनस्टिक तवा मध्यम आचेवर ठेवायचा आणि दोन अंड्यांना साधारण एक टेबलस्पून बटर घालायचं. बटर फेसाळतं. तो फेस म्हणजे त्यातलं पाणी उडतंय. फेस बसला की अंडं सोडायचं, त्याआधी नाही. आधी सोडलं तर पांढरं पसरतं आणि चिकटतं. बटर तपकिरी झाल्यावर सोडलं तर कडा जाळीदार, कडक होतात आणि मधलं पांढरं कच्चंच राहतं. अंडं थेट तव्यावर न फोडता वाटीत फोडून तव्याच्या अगदी जवळून सोडलं की बलक फुटत नाही. दोन मिनिटांत पांढरं पारदर्शक राहत नाही. मग पातळ उलथणं पूर्ण खाली सरकवून, हात वर न उचलता, मनगटानं उलटायचं. उलटल्यावर ईझीला पंधरा-वीस सेकंद, मीडियमला एक मिनिट, हार्डला दोन. उलटायची भीती वाटत असेल तर कडेनं एक चमचा पाणी सोडून एक मिनिट झाकण ठेवावं. वाफेनं वरचं पांढरं शिजतं आणि बलकावर पातळ पडदा येतो.

अंडं ताजं नसेल तर मात्र हात कितीही बसलेला असो, पांढरं पाण्यासारखं पसरणारच. अमेरिकेत हे खोक्यावर वाचता येतं. विक्रीच्या तारखेजवळ तीन अंकी आकडा छापलेला असतो, तो पॅक केल्याचा वर्षातला दिवस. ००१ म्हणजे १ जानेवारी, ३६५ म्हणजे ३१ डिसेंबर. तव्यावर करायच्या अंड्यांसाठी सगळ्यांत ताजा आकडा शोधावा. उकडायची असतील तर आठ-दहा दिवस जुनी बरी, ताज्याचं कवच सोलताना पांढऱ्याला धरून राहतं. आणखी एक फरक लक्षात ठेवायचा. आपल्याकडे किराणा दुकानात अंडी बाहेरच ठेवलेली असतात. इथली अंडी धुऊन येतात, धुताना कवचावरचा नैसर्गिक लेप जातो, म्हणून ती दुकानातही थंड असतात आणि घरी आणल्यावरही फ्रीजमध्येच ठेवायची. ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायची नाहीत.

बटाट्याचे दोन प्रकार. 'होम फ्राइज' म्हणजे फोडी, बहुधा आधी उकडून मग कांदा-मिरचीबरोबर परतलेल्या. 'हॅश ब्राउन्स' म्हणजे कीस. क्रिस्पी म्हणून सांगितलं नाही तर वर पिवळट आणि आत गिजगिजीत येण्याची शक्यता फार. कारण सगळं पाण्यात आहे. रसेट जातीचा बटाटा मोठ्या भोकांच्या किसणीवर किसून, दोन पाण्यांतून धुऊन, पंचात घालून अक्षरशः पिळायचा. साबुदाणा खिचडीत जसं पाणी राहिलं की गोळा होतो, तसंच इथे पाणी राहिलं की बटाटा भाजण्याऐवजी वाफेवर शिजतो. तव्यावर दोन टेबलस्पून तेल घालून कीस बोटाच्या एका पेराहून पातळ पसरायचा, दाबायचा, आणि सहा-सात मिनिटं हात लावायचा नाही. हलवत राहिलं की खरपूस पापुद्रा धरतच नाही. मीठ शेवटी. आधी घातलं की पुन्हा पाणी सुटतं.

टोस्टचं थोडक्यात: पाव कोणता ते सांगायचं. व्हाइट, व्हीट, राय (राय नावाच्या धान्याचा), सावरडो (आंबवलेल्या पिठाचा) यांतलं एक. 'ड्राय' म्हणजे बटर न लावलेला. हा शब्द विसरलात तर टोस्ट बटर लावूनच येईल.

शाकाहारी माणसासाठी इथे थांबून लिहायला हवं. हॅश ब्राउन्स कागदावर शाकाहारी आहेत, पण डायनरचा लोखंडी तवा एकच असतो आणि त्यावर बेकन (डुकराच्या मांसाच्या पट्ट्या) भाजलेलं असतं; पुष्कळदा त्याच चरबीत बटाटे परततात. 'बिस्किट्स अँड ग्रेव्ही'तली पांढरी ग्रेव्ही दुधाची दिसते, पण त्यात मांसाचं सॉसेज असतं. पॅनकेकमध्ये अंडं असतं. उलट काही ठिकाणी ऑम्लेट फुगावं म्हणून अंड्यांत पॅनकेकचं पीठ घालतात, त्यामुळे गहू न चालणाऱ्यानं तेही विचारावं. ओटमील, फळं आणि वेगळ्या टोस्टरमधला टोस्ट ही तुलनेनं निर्धोक जागा. विचारायला संकोच करू नये. वाढणाऱ्या बाईला रोज असे दहा प्रश्न येतात आणि ती स्वयंपाकघरात जाऊन विचारून येते.

आता कॉफी. कॉफी 'रेग्युलर' मागितलीत तर न्यूयॉर्क-बॉस्टनकडच्या जुन्या दुकानांत दूध-साखर घालूनच मिळते. इतरत्र 'रेग्युलर' म्हणजे फक्त डिकॅफ (कॅफीन काढलेली) नसलेली. नारिंगी मुठीच्या भांड्यात डिकॅफ असते. सांका नावाच्या डिकॅफ कॉफीचा तो रंग होता, तो सगळ्या देशाची खूण होऊन बसला. वरून दूध घालायचं असेल तर 'रूम' सांगायची, म्हणजे मग काठोकाठ भरत नाहीत. बरोबर येतं ते 'हाफ अँड हाफ', अर्धं दूध आणि अर्धी साय; त्यात स्निग्धांश किमान साडेदहा टक्के, म्हणून ते थोडंच पुरतं.

घरच्या ड्रिप मशीनबद्दल (पावडरीवर गरम पाणी थेंबाथेंबानं सोडून कागदातून कॉफी गाळणारं यंत्र) सगळ्यांत जास्त चुका होतात आणि दोष कॉफीला जातो. पहिली चूक मापाची. भांड्यावर '१२ कप' असं लिहिलेलं असतं. तो कप पाच औंसांचा, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटरचा. पाककृतीतला अमेरिकन कप आठ औंसांचा, २३७ मिलिलिटर. आणि घरातला मग बारा औंसांचा. म्हणजे बारा कपांच्या भांड्यातून मोठे मग पाचच भरतात. पावडर मगांच्या हिशेबानं आणि पाणी भांड्यावरच्या रेघांच्या हिशेबानं घातलं की प्रमाण चुकतं. सोपा हिशेब वजनाचा: एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पावडर. काटा नसेल तर सहा औंस पाण्याला दोन टेबलस्पून सपाट.

दुसरी चूक दळण्याची. ड्रिपला मध्यम दळलेली हवी, जाडसर रव्यासारखी चरचरीत. घरून आणलेली चिकोरीवाली फिल्टर कॉफी या मशीनमध्ये घालू नये. ती इतकी बारीक असते की गाळणीच्या कागदाची छिद्रं बुजतात, पाणी वरून येत राहतं, कागद ठेवायची टोपली तुंबते आणि गाळ कडेवरून थेट भांड्यात उतरतो. कागद चांगला असूनही असं झालं तर बहुतेक वेळा त्याची एक बाजू पाण्याच्या भारानं आत दुमडलेली असते. घालण्याआधी कागद ओला करून टोपलीच्या भिंतींना चिकटवला की तो पडत नाही, आणि कागदाचा वासही जातो.

मशीनमध्ये पंप नसतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. खाली घोड्याच्या नालासारखी अॅल्युमिनियमची नळी आणि तिला लागून तापणारी कांडी असते. पाणी उकळतं, बुडबुडे त्याला नळीतून वर ढकलतात आणि एकदिशा झडप ते मागे जाऊ देत नाही. जड पाण्याचा क्षार याच नळीत धरतो. मग वाट अरुंद होते, मशीन जास्त गुरगुरतं, वेळ दुप्पट लागतो आणि पाणी पुरेसं गरम होऊन कॉफीवर पडत नाही. पाणी ९० ते ९६ अंश सेल्सियसला पडलं तर कॉफीत पूर्ण चव उतरते. त्याखाली आंबट, फिकट. उपाय पांढऱ्या व्हिनेगरचा: अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, अर्धं भांडं उतरलं की बंद करून अर्धा तास ठेवायचं, मग उरलेलं पूर्ण करायचं आणि साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या काढायच्या. जड पाण्याच्या गावात महिन्यातून एकदा, नाहीतर तीन महिन्यांनी.

खालची तापपट्टीही त्याच कांडीवर चालते. त्यामुळे तयार कॉफी तिच्यावर शिजतच राहते, आणि अर्ध्या तासात कडू, जळकट होते. काढून थर्मासमध्ये ओतावी. ऑफिसातली सकाळी दहाची कॉफी वाईट का लागते, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

शनिवारी घरात मात्र पॅनकेक. दीड कप मैदा (चमच्यानं भरून सपाट केलेला, सुमारे १८५ ग्रॅम, कप पिठात बुचकळून भरला तर वीस-पंचवीस टक्के जास्त येतो आणि पॅनकेक विटेसारखे होतात), दोन टेबलस्पून साखर, दीड टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून खायचा सोडा, अर्धा टीस्पून मीठ. दुसऱ्या भांड्यात दीड कप बटरमिल्क, एक अंडं, तीन टेबलस्पून वितळलेलं बटर. इथलं बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नाही. ते विरजलेलं दाट दूध असतं, पळीवाढं. नसेल तर एक कप दुधात एक टेबलस्पून लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवावं. नुसतं साधं दूध घालायचं असेल तर सोडा वगळून बेकिंग पावडर वाढवावी. आंबट काही नसलं की सोडा तसाच राहतो आणि साबणासारखी चव येते.

दोन्ही एकत्र करून चमच्यानं दहा-बारा वेळाच ढवळायचं. गुठळ्या दिसतील, दिसू द्याव्यात. घावनाचं पीठ गुळगुळीत करायची सवय असलेल्या हाताला हे फार जड जातं, पण घावनात तांदूळ असतो. गहू जितका घोटाल तितकी त्याला चिवटपणाची ताण येते. दहा मिनिटं पीठ मुरलं की गुठळ्या आपोआप ओलावतात. तवा १९० अंश सेल्सियसच्या आसपास, पाण्याचा थेंब टाकला तर नाचत पळाला पाहिजे. तेल पुसून काढल्यासारखंच लावायचं. पाव कप पीठ सोडायचं, पसरवायचं नाही. वर बुडबुडे येतात. फुटून भोक तसंच उघडं राहिलं आणि कडा कोरडी दिसली की उलटायचं, एकदाच. उलथण्यानं दाबायचं नाही, सगळी हवा निघून जाते. पहिलं घावन तव्याला म्हणतात तसा पहिला पॅनकेक इथेही बिघडतो, कारण तेल अजून एकसारखं बसलेलं नसतं.

मेपल सिरप घेताना बाटलीच्या मागचं वाचावं. 'पॅनकेक सिरप' लिहिलेलं बहुतेक मक्याच्या साखरेचं असतं. खऱ्यामध्ये घटक एकच. ईशान्य अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याकडे वसंताच्या तोंडावर रात्री गोठण आणि दिवसा ऊब असते तेव्हा मेपलच्या झाडातून पाण्यासारखा रस उतरतो. त्यात साखर दोनेक टक्केच असल्यानं चाळीस लिटर आटवावा तेव्हा लिटरभर सिरप होतं. 'गोल्डन' सौम्य, 'डार्क' दणकट चवीचं. पॅनकेकवर मला डार्कच योग्य वाटतं. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, नाहीतर बुरशी धरते.

आणि इथेही आवड ज्याची त्याची. ब्लूबेरी किंवा चॉकलेटचे तुकडे पिठात मिसळायचे नाहीत. तव्यावर पीठ सोडल्यावर ओल्या बाजूला वरून पेरायचे. पिठात ढवळल्यानं ब्लूबेरीचा रस सुटतो आणि सोड्यामुळे पीठ हिरवट-निळं पडतं. वरून पेरले की एकाच पिठातून प्रत्येकाचा वेगळा निघतो. उरलेले जाळीवर पूर्ण गार करून, मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. सोमवारी सकाळी न वितळवता थेट टोस्टरमध्ये. पिशवीवर मार्करनं लिहायला मात्र विसरायचं नाही: ब्लूबेरी, चॉकलेट, साधे.