तीन-चार फूट म्हणे!

हवाईतल्या ओआहू बेटाच्या नॉर्थ शोअरला (उत्तर किनाऱ्याला) सर्फला जाणार असाल तर हे वाचा, मी मार खाऊन आलोय आणि खांदा अजून दुखतोय, तिरसट वाटलं तर चालवून घ्या. पॅडलिंगचा दम आहे आणि लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) स्वतः तपासता हे धरूनच लिहितोय, नसेल तर डिसेंबरात तिकडे फिरकूच नका.

तिथल्या हालेइवा गावात बोर्ड भाड्याने घेतला तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, आज तीन-चार फूट. आम्ही कोकणात शिकलेले, म्हणलं छातीपर्यंतची लाट, चला! तर तिथली जुनी माणसं लाट मागच्या बाजूने मोजतात, समोरून ती जवळपास दुप्पट, म्हणजे सहा ते आठ फूट. हवामान खात्याचा फोरकास्ट मात्र समोरची उंची देतो. दोघंही खरंच बोलतात, मरतो आपण.

पण मोठी चूक माझीच. सकाळी त्याच किनाऱ्यावरच्या वाइमेआच्या बोयावर (लाटा मोजणारा तरंगता यंत्र-पिंप) 3 फूट 11 सेकंद बघितलं आणि खूश; फूट म्हणजे लाटेची उंची, सेकंद म्हणजे दोन लाटांमधलं अंतर. शेजारच्या काउआई बेटाच्या वायव्येला भर समुद्रात 51101 नंबरचा बोया आहे तो उघडलाच नाही, तिथे आदल्या रात्री दहालाच 6 फूट 17 सेकंद लागलं होतं. सेकंदांना दीडने गुणा, तो स्वेलचा (लांबून येणाऱ्या लाटांच्या रांगेचा) नॉटमधला, म्हणजे तासाला किती नॉटिकल मैल तो वेग. 17 म्हणजे पंचवीसेक, अंतर पावणेतीनशे नॉटिकल मैलांच्या आसपास, म्हणजे अकरा तास. रात्री दहाला तिथे, सकाळी नऊला इथे. मी पाण्यात कधी उतरलो? पावणेनऊला.

पहिली वीस मिनिटं काहीच नाही, लांब सेकंदांच्या स्वेलमध्ये दोन सेटच्या (एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांच्या झुंडीच्या) मध्ये एवढा गॅप पडतो की समुद्र झोपलाय वाटतं. मग लांबवर एक काळी रेघ उठली. तीन लाटा डोक्यावर घेतल्या, चौथीला बोर्ड रीफवर (पाण्याखालच्या खडकावर), आणि करंट असा की हात मारून मारून किनाऱ्यावरचं तेच एक नारळाचं झाड पंधरा मिनिटं समोर.

त्यामुळे आधी सेकंद, मग फूट. बोयाचा आकडा हा सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो, एखादी जवळपास दुप्पट येणारच. दिशा म्हणजे स्वेल जिथून येतो ती, आणि अगदी पश्चिमेचा असेल तर काउआई आड येतं. भरती-ओहोटीचा तक्ता उघडायची आपली सवय तिथे फार कामाची नाही, सगळा फरक दोनेक फुटांचा.

फॉइलवाल्यांचं (बोर्डखाली पंख लावून पाण्यावर उचलून जाणाऱ्यांचं) गणित वेगळं, मावी बेटाच्या मालिको रनला (किनाऱ्याकडेने वाऱ्यासोबत जायचा मार्ग) ट्रेड विंडने, म्हणजे तिथल्या नेहमीच्या पूर्वेकडच्या वाऱ्याने उठलेली आखूड सेकंदांची लाटच हवी, तिथे वाऱ्याचा आकडा आधी बघा.

ओआहूच्याच दक्षिणेकडच्या वाइकिकीचे तीन दिवस मस्त गेले, सांगण्यासारखं काही नाही.

आणि बोर्ड घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. रीफचा ठोका माझ्या बोर्डच्या नाकाला होता, शेपटाकडचा पॅच जुना, उन्हाने पिवळा पडलेला, तरी पैसे दोन्हीचे घेतले.