थंडीतलं धन

जानेवारीत पहाटे पारा विसाच्या खाली घसरला की आमच्या पेडण्यात कानटोप्या बाहेर निघतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला स्वेटर वर्षातून तेवढाच अंगावर चढतो. आणि नेमका तेव्हाच इंग्लंडातल्या स्विंडनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल येतो. मागे पांढरंफटक शेत, हातात मेटल डिटेक्टर. "मावशी, आज उणे चार!" बक्षीस लागल्यासारखा सांगतो.

तिथे पीक निघालं की शेतं मोकळी होतात. मालकाची परवानगी घ्यायची, कानाला हेडफोन लावायचे आणि चालत सुटायचं. पण कडाक्याच्या थंडीत यंत्राचीच तब्येत बिघडते. बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे सकाळी काठोकाठ भरलेली बॅटरी दुपारच्या आत मान टाकते. म्हणून जादाची बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. पडद्यावरचे आकडे रेंगाळत उमटतात. हातमोजे घातले तर बटण दाबलं जात नाही, काढले तर बोटं वळत नाहीत. एवढं सोसून कानात 'टुंग' वाजलंच, तर खालची जमीन दगड झालेली. जोर करून ढेकूळ फोडावं, तर आतली नाजूक वस्तूच मोडायची. मग भाचा ती जागा फोनवर टिपून ठेवतो आणि ऊन पडायची वाट बघत बसतो.

मला हे फार पटलं. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग असतो, नाहीतर राखणदार; त्याला विचारल्याशिवाय कुदळ लावायची नाही. तिकडे ते काम थंडी करते. शिवाय सरकार आहेच. १९९६च्या कायद्याप्रमाणे सोन्या-चांदीची ३०० वर्षांहून जुनी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कोरोनरला कळवायचं. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाराही तोच!

गेल्या चवथीला भाचा यंत्र घेऊनच घरी आला. माझ्या सासऱ्यांच्या डब्यात पोर्तुगीज काळातली, १९५८ सालची एस्कुदोची नाणी आहेत. तसलं एखादं केरीच्या किनाऱ्यावर मिळेल, ही आशा. गोठलेल्या जमिनीचा प्रश्न नव्हता, वाळू तर हातानेही उकरते. पण समुद्राचं खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे ओल्या वाळूवर यंत्र जिथे तिथे ओरडू लागलं. कोरड्या वाळूत गेला, तिथे त्याने खरंच मूठमूठ धातू काढला. सगळी बिअरच्या बाटल्यांची बुचं.

आपल्याकडचा गुप्तधनाचा कायदा १८७८चा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आम्ही ओट्यावर बसून बुचांचा हिशेब केला. कलेक्टरांना तसदी द्यावी लागली नाही.