तांबीसाठी लिफ्ट

एका जखमी कुत्रीला लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर न्यायची परवानगी मिळवायला मला २६ दिवस लागले. तिचं मोडलेलं हाड जुळून यायला डॉक्टरांनी सांगितले होते सहा आठवडे. सगळं पार पडून आता तीन महिने होत आले, तरी आमच्या लिफ्टचं दार उघडताना तो राग परत वर येतो. नाशिकमध्ये फ्लॅटमध्ये राहून रस्त्यावरच्या कुत्र्यांना फॉस्टर करायचं, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं आपल्या घरी ठेवायचं, ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझ्यासारखे दिवस काढावे लागू नयेत म्हणून लिहिते आहे.

तांबी पाथर्डी फाट्यावरची. तिथल्या चहाच्या टपरीवाल्या दादांनी रंगावरून तिचं नाव ठेवलेलं. ऑगस्टमध्ये भर पावसात रात्री एका गाडीने तिला उडवलं आणि ती मागचे पाय ओढत टपरीच्या फळीखाली जाऊन बसली. दादांनी फोन केला, रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या ग्रुपमधली दोन मुलं गेली, दवाखाना, एक्स-रे, सलाइन सगळं त्याच रात्री झालं. कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, पण जागेवरून सरकलेलं नव्हतं. ऑपरेशन नको, मात्र सहा आठवडे लहानशा जागेत ठेवायचं, उडी नाही, पायऱ्या नाहीत. "पायऱ्या नाहीत" हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

आमचा ग्रुप म्हणजे सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकरोड असे विखुरलेले पंधरा-वीस जण. कुणी गाडी देतं, कुणी औषधाचे पैसे, कुणी घर. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेली कुत्री एवढी येतात की ठेवायला जागा उरत नाही. घर मिळालं नाही तर उपचार झालेलं जनावर पुन्हा त्याच रस्त्यावर सोडावं लागतं, आणि मोडक्या कंबरेचं कुत्रं हायवेच्या कडेला चार दिवस काढत नाही. आई दिवसभर घरी असते. मी हो म्हटलं.

रात्री सव्वाअकराला तिला चादरीत घेऊन लिफ्टपाशी आलो तर वॉचमन काकांनी हात आडवा केला. "ताई, माझी नोकरी जाईल, बोर्ड लावलाय." बोर्ड होताच. पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये सक्त मनाई, आदेशावरून, कमिटी. त्यांचा दोष नव्हता. त्या रात्री मी आणि ग्रुपमधल्या एका मुलाने चादरीची चार टोकं धरून तिला वर नेलं. एका मजल्याला अठरा पायऱ्या, चार मजल्यांच्या बहात्तर. प्रत्येक वळणावर चादर तिरकी व्हायची आणि ती कण्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज लिहिला. सेक्रेटरी काका जिन्यात भेटले, त्यांनी तो वाचला, "बघू, कमिटीपुढे ठेवतो" म्हणाले आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मी निश्चिंत झाले. इथेच माझी पहिली चूक झाली. आठ दिवसांनी विचारलं तर "कुठला अर्ज?" मग व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या टिकल्या, खाली "रविवारी मीटिंगमध्ये घेऊ". रविवारी नऊपैकी चारच जण आले, कोरम झाला नाही. पुढची मीटिंग गणपतीनंतर.

या सगळ्या दिवसांत तांबीला दिवसातून तीनदा खाली न्यावं लागत होतं. घरात कागद, गोणपाट, जुनी सतरंजी सगळं अंथरून पाहिलं, पण ती घरात लघवी करायलाच तयार नव्हती. तासन्‌तास धरून ठेवायची आणि माझ्याकडे बघत राहायची. रस्त्यावर वाढलेली कुत्री झोपायच्या जागेत घाण करत नाहीत, हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं, तिच्याकडून कळलं. मग सकाळी सहाला, आई दुपारी शेजारच्या मुलाला हाक मारून, आणि रात्री मी बँकेतून आल्यावर. तिचं वजन सोळा किलो. आणि गणपतीच्या तयारीत त्याच लिफ्टमधून मंडपाचे पाइप आणि स्पीकर वर-खाली चालले होते. मी चादरीचं टोक धरून जिन्यात उभी राहून ते बघत होते.

तेराव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर नुकतीच फरशी पुसलेली. मागची बाजू धरलेल्या मुलाचा पाय घसरला. तो सावरला, पण तांबीची कंबर कठड्याला लागली. तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून तीन दारं उघडली. लगेच दवाखान्यात, परत एक्स-रे. हाड सरकलं नव्हतं. डॉक्टर फिल्म दिव्यासमोर धरून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही." त्या रात्री मी तिच्याजवळ फरशीवरच झोपले आणि पहिल्यांदा ठरवलं की आता तोंडी काहीच बोलायचं नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी या कामात वीस वर्षं काढली आहेत. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "आवकचा शिक्का कुठंय?" म्हणजे अर्ज मिळाल्याचा सोसायटीचा शिक्का. माझ्याकडे नव्हता. त्या म्हणाल्या, मग तू अर्जच दिलेला नाहीस.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं देते. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या. एक सोसायटीच्या कार्यालयात द्यायची, दुसरीवर तारखेसकट आवकचा शिक्का आणि घेणाऱ्याची सही मागायची. शिक्का मारायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पोचपावती जपून ठेवायची. अर्जात विनवण्या नकोत. डॉक्टरांचं पत्र जोडायचं, त्यात "पायऱ्यांवरून नेल्यास अस्थिभंग वाढण्याचा धोका" एवढं स्पष्ट वाक्य हवं. एक्स-रेच्या अहवालाची प्रत. रेबीजच्या लसीच्या कार्डाची प्रत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक प्रश्न विचारायचा: ही मनाई सोसायटीच्या उपविधींतल्या (म्हणजे नियमावलीतल्या) कोणत्या क्रमांकाखाली आहे, आणि कोणत्या सभेत, कोणत्या तारखेच्या ठरावाने झाली? लेखी उत्तर द्यावे.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पाळीव प्राणी असलेल्या रहिवाशांना लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. त्याची छापील प्रत मी जोडली. फॉस्टरच्या कुत्र्याला "पाळीव" म्हणायचं की नाही यावर वाद घालायची तयारी ठेवा. आमच्याकडे तोच मुद्दा निघाला. मी लिहून दिलं की माझ्या घरात आहे तोवर तिची संपूर्ण जबाबदारी माझी आहे, आणि तो मुद्दा तिथेच संपला. सगळ्यात खाली एक ओळ होती: प्रत माहितीसाठी, मा. उपनिबंधक, सहकारी संस्था. म्हणजे सोसायट्यांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी. ताई म्हणाल्या, ही ओळ फक्त लिहू नकोस, खरंच पाठव. मी पाठवली.

शिक्का मिळाला. पण उत्तर यायच्या आधी आणखी एक गोष्ट करायची होती आणि ती कागदावरची नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा विरोध सगळ्यात जास्त होता, आणि तो कमिटीसारखा नव्हता. त्यांच्या मुलाला लहानपणी कुत्रा चावला होता. तेव्हाची इंजेक्शनं, ते रडणं त्या विसरलेल्या नाहीत. मी त्यांच्याकडे गेले, तांबीचं लसीचं कार्ड दाखवलं, माझंही दाखवलं. कामात पडायच्या आधी मी स्वतः रेबीजचे प्रतिबंधक डोस घेतले होते, ०, ७ आणि २१व्या दिवशी. तुम्हीही फॉस्टर करणार असाल तर आधी हे करा. आणि तरी कुत्रं चावलं, ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आधी डोस झालेले असले तरी चावल्यावर पुढचे घ्यावेच लागतात. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतात. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. काकूंना मी शब्द दिला की लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर मी थांबेन, दोरी आखूड धरेन. त्या "हो" म्हणाल्या नाहीत, पण मीटिंगमध्ये गप्प राहिल्या. माझ्यासाठी तेवढं खूप होतं.

२६व्या दिवशी अर्ध्या पानाचं पत्र आलं. तात्पुरती परवानगी, सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत. कोणत्या उपविधीखाली मनाई होती त्याचं उत्तर त्यात नव्हतं.

त्या संध्याकाळी तांबी पहिल्यांदा लिफ्टमध्ये आली. दार बंद झालं तशी ती माझ्या पायाला टेकली, आणि लिफ्ट हलली तेव्हा तिने मान वर करून पंख्याच्या जाळीकडे पाहिलं. तळमजला येईपर्यंत हूं की चूं नाही. मला रडू आवरलं नाही.

पुढचं सगळं सुरळीत. पाचव्या आठवड्यात पोटाखालून टॉवेलचा झोका करून चार पावलं, सहाव्यात टॉवेलशिवाय. तिच्या कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी आधीच झालेली. असं कुत्रं आणलं की आधी कान बघा, तो खर्च आणि ते ऑपरेशन वाचतं. लहान पिल्लू आणलंत तर दोन आठवडे घरातल्या दुसऱ्या कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असेल तर फिनाइलने फरशी पुसून काही होत नाही, ब्लीचचं पाणी लागतं, आणि विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. जखमी कुत्रं उचलताना तोंडाला गॉजची पट्टी बांधायची, म्हणजे ते चावत नाही, पण त्याला श्वास लागला असेल किंवा उलटी होत असेल तर बांधायची नाही. हे मी वर सांगायला हवं होतं.

आणि द्राक्षं. आपल्या नाशिककरांसाठी हे मुद्दाम. पिंपळगावहून शेजारच्या आजोबांकडे बेदाण्याची पिशवी आली होती, त्यांनी प्रेमाने मूठभर तांबीसमोर ठेवले. मी वेळेवर पोचले. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

तांबी आता मखमलाबादकडे एका बैठ्या घरात आहे, पुढे अंगण, दोन शाळकरी मुलं. आमच्या दत्तक फॉर्ममध्ये पूर्वी पगार, नोकरी, घरात कोण कोण असं विचारत होतो. मी त्यात दोन ओळी घालून घेतल्या: कितवा मजला? लिफ्ट वापरायची लेखी परवानगी असल्यास प्रत जोडा.

आमच्या लिफ्टशेजारचा बोर्ड अजून तिथेच आहे. तो वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा म्हणून गेल्या सोमवारी मी अर्ज दिला. दोन प्रती, आवकचा शिक्का, खाली सही आणि तारीख.