एकतीस साड्या, एक टर्टलनेक

साडी उसनी मिळते, ब्लाउज मिळत नाही. ही अक्कल मला १ डिसेंबर २०२२ च्या सकाळी पावणेसहाला आली. मंडळातल्या एका काकूंची जांभळी नारायणपेठ पलंगावर उलगडून ठेवली होती, सोबत दिलेला ब्लाउज माझ्या कोपराच्या वर सरकायला तयार नव्हता, आणि गाडीला जेमतेम तास उरला होता. शेवटी कपाटातला काळा टर्टलनेक अंगात चढवला, त्यावर साडी नेसले आणि निघाले. पुढचे ३० दिवस तोच ब्लाउज.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. ऑफिसातली एक मैत्रीण दर डिसेंबरला रोज ड्रेस, म्हणजे फ्रॉक, घालून यायची, बाहेर बर्फ असो की पाऊस. मला वाटायचं, हौस असेल. मग एकदा जेवताना तिनं सांगितलं, हे ‘ड्रेसेम्बर’. ब्लाइद हिल नावाच्या अमेरिकन मुलीनं २००९ मध्ये स्वतःच्या गमतीसाठी महिनाभर रोज ड्रेस घालायचं ठरवलं, मग मैत्रिणी सामील झाल्या, आणि २०१३ पासून त्याचा मानवी तस्करीविरुद्धच्या कामासाठी निधी गोळा करायचा उपक्रम झाला. ड्रेस नको असेल तर टाय. डिसेंबरचे ३१ दिवस घालायचा, आपल्या नावाचं पान उघडायचं आणि ओळखीपाळखीच्यांकडे पैसे मागायचे. रोज वेगळाच ड्रेस हवा असं काही नाही, एकच धुऊन धुऊन घातला तरी चालतो. रोज वेगळी, आणि तीही साडी, हा हट्ट माझा. साडीला कुणी हरकत घेतली नाही.

याच्या बरोबर उलटं करून दाखवणारी एक बाई होती, तिची बातमी मी पूर्वी वाचली होती. न्यूयॉर्कमधल्या शीना मथाइकेन यांनी मे २००९ पासून वर्षभर रोज एकच काळा ड्रेस घातला. एकाच मापाचे सात शिवून घेतले होते, आणि रोज तो वेगळ्या तऱ्हेनं सजवायच्या. त्यातून लाखभर डॉलर जमले ते मुंबई-पुण्यात शाळा चालवणाऱ्या आकांक्षा फाउंडेशनसाठी. तेव्हा मला तो प्रकार जरा नाटकी वाटला होता. (टर्टलनेकच्या दहाव्या दिवशी मत बदललं.)

तस्करीचाच विषय का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. माझं लहानपण पुण्यातलं. वह्या-पुस्तकं घ्यायची तर अप्पा बळवंत चौक, मग दगडूशेठला नमस्कार, मग रेडिओचा सेल किंवा वायरचा तुकडा घ्यायला बुधवार पेठ. त्यातल्या काही बोळांच्या तोंडाशी आलं की आईची बोटं माझ्या मनगटावर आवळायची आणि तिची चाल वाढायची. दारात बसलेल्या बायका मला दिसायच्या. त्या इथं कुठून आल्या, हा प्रश्न मी घरी कधी विचारला नाही आणि कुणी आपण होऊन सांगितलंही नाही. पंचवीस वर्षांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये सॅलड खाताना ते मनगट आठवलं.

माझ्या कपाटात अकरा साड्या निघाल्या. त्यातल्या दोन लग्नातल्या, अशा जड की नेसून ट्रेनमध्ये बसले तर शेजारच्यानं उठून जागा द्यावी. म्हणजे वीस उसन्या. साड्या मागायला मला काही वाटलं नाही. आपल्याकडे बायका एकमेकींना साड्या देतातच, शिवाय ‘पिको-फॉल केलाय, पण अजून घडी मोडली नाही’ असं म्हणून वर आग्रह करतात. आठवड्याभरात इरकल, करवत काठी, कलकत्ता कॉटन, दोन खणाच्या, एक येवल्याची पैठणी (जपून हं, असं तीनदा बजावून) आणि कुणाच्या तरी सासूबाईंची चंद्रकळा एवढ्या जमा झाल्या.

पैसे मागायची वेळ आली तेव्हा मात्र घशाला कोरड पडली.

आमच्या घरात उपाशी राहा पण कुणापुढे हात पसरू नका, हे वाक्य मिठासारखं रोज वाढलं जायचं. पणजोबा वार लावून जेवत शिकले, ते सांगतानासुद्धा आजी आवाज खाली आणायची. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर येणाऱ्या मंगळवारी इथं देणगीचा दिवस असतो, त्या वर्षी तो नेमका चंपाषष्ठीला आला. भरीत-भाकरी खाऊन मी लॅपटॉप घेऊन बसले आणि एका निरोपाचे अकरा मसुदे केले. शेवटी आकडा घातला, म्हणजे भारदस्त वाटेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा नुकताच आलेला अंदाज होता की २०२१ मध्ये कुठल्याही एका दिवशी जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात अडकलेली होती, त्यातली ६३ लाख देहविक्रयाच्या सक्तीत. साठ जणांना पाठवला. तीन दिवसांत दोन देणग्या आल्या. त्यातली एक नवऱ्याची.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती आधी म्हणाली, “साड्या नेसून मिरवल्यानं कुणाचं काय भलं होणार गं?” बरोबरच होतं, मला उत्तर सुचलं नाही. मग जरा थांबून म्हणाली, “आणि लाजतेस कसली? सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागायला पुढे कोण असायचं? तिसऱ्या मजल्यावरचे काका दिवा मालवून बसायचे, तर तू दाराच्या फटीतून हाका मारायचीस.”

वर्गणी! हात पसरणं वेगळं आणि वर्गणी वेगळी. वर्गणीत मागणारा ताठ असतो, हातात पावतीपुस्तक असतं, आणि न देणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटतं. चौथ्या दिवसापासून मी आकडे काढून टाकले. रोज एक फोटो आणि खाली चार ओळी: आजची साडी कुणाची, कुठे विणलेली, तिला ती कुणी दिली. शेवटी, वर्गणी इथे.

त्यानंतर जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. साड्यांच्या मालकिणी कामाला लागल्या. इरकलवाल्या काकूंनी तो फोटो त्यांच्या भजनाच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि सोलापूरच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला, ‘ही माझी साडी’ म्हणून. दुसऱ्या दिवशी करवत काठीवालीनं विचारलं, इरकलला किती आले? मग काय, चढाओढच लागली. मी एकतीस साड्या विकत आणून नेसले असते तर लोकांनी छान छान म्हटलं असतं, खिशात हात घातला नसता.

गाडीत रोज भेटणारा तिकीट तपासनीस पहिल्या आठवड्यात म्हणाला, “लग्न आहे का?” दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, “तुमच्याकडे लग्न असतं तरी किती दिवस?” तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पुढच्या डब्यात गेला आणि परत येऊन वीस डॉलरची नोट दिली. रोख पैसे घ्यायची सोय पानावर नव्हती, म्हणून ते मी माझ्या कार्डावरून ‘४.५० च्या गाडीतला एक’ अशा नावानं भरले.

आता थंडीचं. साडीत थंडी वाजते हा समज चुकीचा आहे. खाली लोकरी अस्तराच्या लेगिंग्ज, त्यावर परकर, त्यावर सहा वार. कमरेपासून खाली चुलीसारखं ऊबदार. नुसत्या लेगिंग्जच्या इलॅस्टिकवर निऱ्या ठरत नाहीत, दहा पावलांत पोटाशी गोळा होतात. परकराच्या नाडीला पर्याय नाही, ते मी पहिल्याच दिवशी युनियन स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर शिकले. दुसरा शत्रू म्हणजे घराघरातली कोरडी गरम हवा. तिनं सिंथेटिक साडी अशी पायाला चिकटते की पायजमा वाटावा. ड्रायरमध्ये टाकायचा सुगंधी कागद परकरावरून फिरवला की सुटते.

पण खरा वैरी रस्त्यावरचं मीठ. बर्फ वितळायला इथं फुटपाथवर खडेमीठ टाकतात, त्याचा चिखल होतो, आणि साडीचा खालचा काठ तो टिपून घेतो. ओला असताना दिसत नाही. ऑफिसात तासाभरानं वाळला की काठाच्या वर बोटभर पांढरी नागमोडी रेघ उमटते, समुद्रानं वाळूवर ओढावी तशी. इरकलच्या काठावर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन ओल्या कागदानं इतकी घासली की रेघ राहिली आणि रंग मात्र कागदाला लागला.

अकरा तारखेला रविवारी ताप होता. दुपारी वीस मिनिटं साडी नेसले, फोटो काढला आणि पुन्हा पांघरुणात शिरले. नियमात बसतं की नाही माहीत नाही. त्या दिवशी ८० डॉलर आले, ते अजून टोचतात.

बावीस तारखेला गुरुवारी वादळ येणार म्हणून सगळे घाबरले होते. ऑफिसात वर्षाचं शेवटचं काम होतं, जाणं भाग होतं. आईला सकाळी सहाला व्हिडिओ कॉल लावला, तिचे संध्याकाळचे साडेपाच. म्हणाली, “मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे, आजीची नऊवारी नेस.” थंडीत नऊवारी? पण आठवून बघा, नऊवारीला परकर लागत नाही, काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे गुंडाळले जातात, आणि घोट्याच्या वर खोचली की रस्त्याला टेकत नाही. आईनं तिकडून “डावा सोगा वर घे, अगं तुझा डावा!” असं करत नेसवली. थर्मल, वर नऊवारी, गुडघ्यापर्यंतचे बर्फाचे बूट. अख्ख्या महिन्यात मी इतकी सुटसुटीत चालले नाही. संध्याकाळी परतताना वारा टाचण्या टोचल्यासारखा तोंडावर येत होता, पण काठ कोरडा. दुसऱ्या दिवशी पारा उणे २२ सेल्सिअसच्या आसपास गेला. त्या दिवशी मी घरातच, खणाची साडी नेसून हीटरजवळ बसले.

३१ तारखेला रात्री पानावर १,८४५ डॉलर होते. ठरवले होते हजार. यातले ४०० ऑफिसनं कर्मचाऱ्यांच्या देणगीत आपली भर म्हणून घातलेले. सगळ्यात लहान देणगी पाच डॉलरची, सगळ्यात मोठी दोनशेची, आणि ती अशा माणसाची की ज्याला मी भीत भीत निरोप पाठवला होता.

जानेवारीत ड्राय क्लीनिंगचं बिल आलं, १४३ डॉलर. नवरा हिशेबाचा माणूस. म्हणाला, “हे थेट दिले असते तर?” मी म्हटलं, बाकीचे सतराशे कुणी दिले असते? तो गप्प बसला, पण बिल फ्रिजवर लोहचुंबकानं लावून ठेवलं.

इरकलवरची रेघ ड्राय क्लीनिंगनंही गेली नाही. काकूंकडे साडी परत द्यायला गेले तेव्हा मीच आधी काठ उलगडून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “करवत काठीला शेवटी किती झाले?” एकशे दहा, मी म्हटलं. “आणि मला?” एकशे पासष्ट. त्यांनी साडीची घडी घातली आणि चहा ठेवला.

दोन साड्या अजून माझ्याकडेच आहेत, त्यांची मालकीण भारतात गेलीय. टर्टलनेक धुऊन ठेवलाय. डाव्या खांद्यावर पदराच्या पिनांची भोकं आहेत, उजेडाकडे धरला की दिसतात.