गोव्याचा आठवडा घेतला, गोव्याला न जाण्यासाठी

"गोव्याला जायला कोल्हापूरच्या माणसानं टाइमशेअर घ्यायचा?" दीर इतका हसला की त्याला चहाचा कप खाली ठेवावा लागला. त्याचंही काही चुकत नव्हतं. टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधली खोली दरवर्षी आठवडाभर वापरायचा हक्क, काही वर्षांसाठी आधीच पैसे भरून घेतलेला. आमच्याकडं शुक्रवारी रात्री कुणाच्या तरी डोक्यात येतं, शनिवारी पहाटे गाडी निघते आणि फोंडा घाट उतरून दुपारी माणसं मासळीच्या ताटावर बसलेली असतात. त्यासाठी कुणी लाखभर रुपये आधी भरून ठेवत नाही.

पण मला गोव्याला जायचंच नव्हतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या अकाउंट्सला आहे, नवरा हायस्कूलला शिक्षक. म्हणजे सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. या दोन्ही वेळा अख्खा महाराष्ट्र घराबाहेर असतो आणि हॉटेलवाले सांगतील तो भाव. तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात 'फक्त जोडप्यांसाठी मोफत जेवण' म्हणून बोलावून आम्हाला तीन तास बसवून ठेवलं होतं. टाइमशेअरची पंचवीस वर्षांची मेंबरशिप, सहा लाखांच्या वर, 'आजच सही केली तर' सूट. जेवण बरं होतं. सही केली नाही. पण एक्स्चेंजची कल्पना मात्र डोक्यात बसली: आपला आठवडा जमा करायचा आणि दुसरीकडचा कुणाचा तरी घ्यायचा. अमेरिकेत १९७४ साली आरसीआय ही अदलाबदल करून देणारी कंपनी सुरू झाली ती याच गरजेतून. दरवर्षी त्याच खोलीत जाऊन कंटाळलेल्या मालकांना आपापसात अदलाबदल करून द्यायची.

मग कळलं की हाच माल जुन्या मालकाकडून घेतला तर निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतो. कारण सोपं आहे. नव्याच्या किमतीत ते मोफत जेवण, तो हॉल आणि टाय लावलेली पोरं सगळी असतात. विकताना यातलं काहीच वसूल होत नाही.

पहिले दोन महिने मी चुकीचाच शोध घेतला. आम्हाला केरळ बघायचं, म्हणून केरळातले आठवडे शोधत बसले. एक्स्चेंजसाठी घेताना आपल्याला कुठं जायचंय हे बघायचं नसतं, लोकांना कुठं यायचंय ते बघायचं असतं, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. आरसीआयच्या आठवड्यांच्या पद्धतीत जमा केलेल्या प्रत्येक आठवड्याला १ ते ६० मधला एक अंक मिळतो. त्याला ट्रेडिंग पॉवर म्हणतात, म्हणजे बदल्यात काय घेता येईल त्याची ऐपत. ठिकाणाला मागणी किती, हंगाम कोणता, खोली केवढी, राहून गेलेल्यांनी काय शेरे दिले आणि तुम्ही किती आधी जमा केलात, यावर तो ठरतो. म्हणजे बाजार समितीत गूळ लावल्यासारखंच. आपल्या घरी कुणाला आवडतो याला किंमत नाही, पेठेत उठाव कशाला आहे ते बघायचं.

आणि डिसेंबरच्या शेवटी आपल्या देशात उठाव कुणाला, तर गोव्याला. दिराचं हसू तिथंच फिरवून परत दिलं.

टाइमशेअरचं वर्ष आठवड्यांच्या नंबरांनी मोजतात, १ ते ५२, एखाद्या वर्षी ५३. काही आठवडे 'फिक्स', म्हणजे दरवर्षी तोच नंबर, बऱ्याचदा तीच खोली. काही 'फ्लोटिंग', म्हणजे हंगामात जागा असेल तेव्हा. गोव्यातल्या एका जुन्या रिसॉर्टमधला एक फिक्स आठवडा मला सापडला. नंबर ५१, वन बेडरूम, मालक मिरजेचे. २००९ साली पंचवीस वर्षांसाठी घेतलेला, म्हणजे २०२५ पासून २०३३ च्या डिसेंबरपर्यंत, वर्षाला एक असे नऊ आठवडे बाकी. यात जमीनजुमला काही नसतो बरं का. फक्त वापरायचा हक्क, मुदत संपली की विषय संपला. सातबारा बघायची सवय असलेल्या माझ्या सासऱ्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

मालकांना फोन केला तर काका माझ्यावरच संशय घेऊन बोलायला लागले. आधार कार्ड पाठवा म्हणाले. माझं आधार, मी घेणारी! नंतर उलगडलं. आदल्या वर्षी त्यांना कुणीतरी फोन करून सांगितलं होतं की तुमच्या आठवड्याला सहा लाखांचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटीचे अठरा हजार आधी भरा. काकांनी भरले. गिऱ्हाईकही गेलं आणि फोनही बंद. अशा वेळी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा असतो, पण काका महिनाभर लाजेनं कुणाला बोलले नव्हते. रिसेलच्या बाजारात ही सगळ्यात जुनी युक्ती आहे. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे असतात असा एकही प्रामाणिक व्यवहार मी तरी पाहिला नाही.

"असं करू," मी म्हटलं, "मीच मिरजेला येतो." (आमच्यात बायकाही 'येतो'च म्हणतात. काकूंना ते फार गोड वाटलं.)

हातकणंगले, जयसिंगपूर करत एका रविवारी गेलो. भडंग, चहा आणि मग काकांची फाइल. हिरवं रेक्झिन, त्यात २००९ पासूनची प्रत्येक पावती तारखेनं लावलेली. सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये, त्यावर सोनेरी नारळाचं झाड. काकू फोटो दाखवत होत्या. "ही बाल्कनी. दार लई घट्ट हाय. खालून जरा लाथ घालाय लागती, मग उघडतंय." पाच वेळा गेले होते. नंतर काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि जाणं थांबलं.

काका दीड लाख म्हणत होते. सोबत 'आरसीआयला दोन आठवडे शिल्लक आहेत, ते तुम्हाला फुकट'. मी हो-नाही काहीच बोलले नाही. अकाउंट्समध्ये वीस वर्षं काढल्यावर एक सवय लागते, शिल्लक तोंडी मान्य करायची नाही. काकांच्याच मेलवरून रिसॉर्टच्या कंपनीला पत्र टाकलं आणि पाच गोष्टी लेखी मागितल्या: मुदत कधी संपते, खोली आणि आठवडा कोणता, मेंटेनन्सची (रिसॉर्टच्या देखभालीसाठी दरवर्षी भरायचे पैसे) बाकी किती, ट्रान्सफर फी किती, आणि रिसॉर्ट आजही आरसीआयला जोडलेलं आहे का. हा शेवटचा प्रश्न फार लोक विचारत नाहीत. जोडणी तुटली असेल तर अदलाबदलीसाठी घेतलेला आठवडा जमा कुठं करणार?

उत्तर यायला अठरा दिवस लागले. जोडणी होती. पण २०२० चं मेंटेनन्स बाकी, व्याजासकट एकतीस हजार. काका उसळले. "रिसॉर्ट बंद होतं त्या वर्षी! मी कशाचे पैसे देऊ?" माणूस म्हणून त्यांचं मला पटलं, पण ती बाकी मिटल्याशिवाय ट्रान्सफर होणार नव्हती. आणि ते शिल्लक आठवडे? काकांच्या शेजारी बसून त्यांच्या खात्यात पाहिलं. एकाची मुदत २०२३ मध्येच संपलेली. दुसरा त्यांच्या नावावरच राहणार, माझ्या खात्यात येणार नव्हता. मला आरसीआयचं सदस्यत्व नव्यानंच घ्यावं लागणार होतं.

शेवटी एक लाख दहा हजारांवर ठरलं. बाकी त्यांनी भरायची, ट्रान्सफर फी मी. वीस हजार आधी, उरलेले माझ्या नावाचं पत्र कंपनीकडून आल्यावर. कंपनीनं नकार दिला तर वीस हजार परत. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टँप चालत नाही, म्हणून पाचशेच्या स्टँपवर करार लिहिला. नोटरीनं वाचला आणि विचारलं, "ताई, मिळकत कोणती?" मिळकत नाही, आठवडा, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडं पाहिलं आणि शिक्का मारला.

कंपनीकडून थेट घेतलं तर बहुतेक करारांत पहिले काही दिवस मन बदलायची सोय असते. युरोपात तर कायद्यानंच १४ दिवस दिलेत. जुन्या मालकाकडून घेताना आपल्याकडं असलं काही नाही. जे काही आहे ते त्या पाचशेच्या कागदावर.

माझी घाई वेगळीच होती. आठवडा सुरू व्हायच्या किमान नऊ महिने आधी जमा केला तर अंक पूर्ण मिळतो, उशीर होईल तसा घसरतो. २०२५ चा ५१ वा आठवडा २० डिसेंबरला सुरू होणार, म्हणजे माझी शेवटची तारीख २० मार्च.

कागद डिसेंबरातच पाठवले. जानेवारीच्या शेवटी सगळे परत आले. कारण: सहधारकाची सही जुळत नाही.

सर्टिफिकेट दोघांच्या नावावर होतं. २००९ ची काकूंची सही म्हणजे शाळेतल्या बाईंचं अक्षर, नावाखाली झोकदार रेघ. आता उजवा हात चालत नव्हता. डाव्या हातानं पाच मिनिटं लावून त्यांनी जी सही केली होती, तिच्यात तीन अक्षरं होती आणि रेघेचा प्रयत्न. ती रेघ त्यांनी सोडली नव्हती. कंपनीच्या माणसाला ती बनावट वाटली असेल तर त्याचाही दोष नाही. पण फोनवर हे समजावून सांगायला मला चार वेगवेगळ्या लोकांना पहिल्यापासून सगळी गोष्ट ऐकवावी लागली, आणि प्रत्येकजण "मॅडम, सही जुळली पाहिजे" इथंच येऊन थांबायचा.

वाट बँकेनं दाखवली. आधी काकूंच्या खात्यावर नवी नमुना सही नोंदवायची, मग बँकेनं त्या सहीचा दाखला द्यायचा, सोबत डॉक्टरांचं पत्र आणि दोन्ही सह्या एकाच बाईच्या असल्याचं प्रतिज्ञापत्र. मी रजा टाकून गेले. काकूंना रिक्षातून उतरवून काउंटरपर्यंत नेलं. बँकेच्या बाईंनी फॉर्म पुढं केला, म्हणाल्या, अंगठा दिला तरी चालेल. काकू काही बोलल्या नाहीत. पेन डाव्या हातात धरलं आणि लिहायला लागल्या. मागं रांग होती, कुणी हूं की चूं केलं नाही. पहिली सही चौकटीबाहेर गेली, नवा फॉर्म आणला. दुसरी बसली. रेघसुद्धा. "अंगठा कशाला," त्या मग म्हणाल्या, "तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी."

माझ्या नावाचं पत्र ११ मार्चला आलं. त्याच दिवशी काकांना उरलेले नव्वद हजार एनईएफटी केले. त्या वर्षीचं मेंटेनन्स भरल्याशिवाय जमा करता येत नाही, ते भरलं: एकवीस हजार, वर १८ टक्के जीएसटी, झाले २४,७८०. १७ मार्चला आठवडा जमा. अंक आला ४२.

त्या रात्री सासूबाईंनी विचारलं, "इकत घेतलंस म्हंतीस, आन वर्साला भाडं कशाला?" या प्रश्नाला टाय लावलेल्या पोरांकडंही सरळ उत्तर नसतं. मी वहीत मांडून दाखवलं. किंमत आणि ट्रान्सफर फी मिळून १,२७,७००, नऊ वर्षांवर वाटली तर वर्षाला १४,१८९. त्यात मेंटेनन्स धरलं तर ३८,९६९. सात रात्रींवर भागलं तर रात्रीला साडेपाच हजारांच्या वर. एक्स्चेंजची आणि आरसीआयच्या सदस्यत्वाची फी वेगळी, आणि मेंटेनन्स वाढत जाणार ते वेगळंच. वन बेडरूममध्ये चौघं राहतात, स्वयंपाकाचा ओटा असतो, त्या मानानं दिवाळीत हे परवडतं. एखाद्या वर्षी गेलोच नाही तर ते पैसे गेले. सासूबाईंनी आकडे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हंजे जायालाच लागतंय."

केरळसाठी मागणी नोंदवून ठेवली, फक्त दिवाळीच्या सुट्टीतली. दोन महिने काहीच नाही. जूनमध्ये मुन्नार लागलं, २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. त्याचा अंक १९. म्हणजे माझ्या ४२ मधले २३ उरले आणि ते सुट्या पैशांसारखे खात्यात परत जमा. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. इतकं स्वस्त का, ते तिथं गेल्यावर कळलं. ऑक्टोबरात तिकडं परतीचा मोसमी पाऊस असतो आणि तो वेळ पाळतो. दुपारी दोन वाजले की चहाचे मळे दिसेनासे. सकाळी हिंडायचं, दुपारी पत्ते. नवऱ्यानं शेवटच्या दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली होती, ती सगळी रमीत गेली. वाईट गेले म्हणणार नाही. पुढच्या वेळी मात्र अंक कमी दिसला की आधी हवामान बघणार.

२० डिसेंबरला संध्याकाळी काकांचा फोन आला. "आज एक्कावन्नावा लागला. ही विचारतीय, आपल्या खोलीत कोण उतरलंय?"

म्हटलं, काका, ते आपल्याला कळत नाही. आपण आठवडा देतो, कोण घेतं त्याचं नाव येत नाही.

मागून काकूंचा आवाज आला. मग काका म्हणाले, "ते बाल्कनीच्या दाराचं त्यांना कुणी सांगितलंय का, विचारतीय. न्हाईतर आठवडाभर आतच बसतील बिचारे."

मी रिसॉर्टच्या रिसेप्शनला फोन लावला.